दोन कपाटे आणि पाच पूर्वपक्ष

देवासच्या ज्या शाळेत मी सध्या हेडमास्तर आहे, तिथे दरवर्षी दसऱ्याआधी मी शिक्षकांकडून ग्रंथसंग्रहाबद्दल अभिप्राय मागवतो. कागद सगळ्या वर्गांतून फिरतो आणि माझ्या टेबलावर परत येतो. एखाद्याने त्यावर नुसते 'उत्तम' लिहिले असेल, तर मी कागद त्याच्याकडे पुन्हा पाठवतो आणि निरोप देतो की खाली जागा पुष्कळ आहे, लिहा. नव्या माणसांना हे चमत्कारिक वाटते. एकाने शिपायाला हळूच विचारले होते, की साहेब आपल्यावर नाराज आहेत का. मी मुळीच नाराज नसतो. ही सवय मला धारला लागली. ती कशी लागली, ते एकदा नीट क्रमाने लिहून ठेवतो, म्हणजे दरवर्षी तोंडी सांगावे लागणार नाही.

धारच्या मराठी शाळेत मी तेव्हा दुय्यम शिक्षक होतो. मुले निम्मी मराठी घरांतली आणि निम्मी माळवी बोलणारी. शाळेच्या पश्चिमेच्या खोलीत सागवानी लाकडाची दोन कपाटे होती. सरदार मंडळींनी वेळोवेळी दिलेली पुस्तके, दरबारने विकत घेतलेली थोडी, आणि कोणाकोणाच्या देवघरातून आलेल्या पोथ्या, असा सगळा मिळून संग्रह. त्याची व्यवस्था शास्त्रीबुवांकडे होती.

शास्त्रीबुवा याच शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. मूळचे न्यायशास्त्राचे पंडित. अंगाने किरकोळ, आवाज मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचणारा. सकाळची पूजा आटोपली की सोवळ्याचा रेशमी मुगटा तसाच नेसून ते शाळेत येत आणि कपाटांसमोर पाट मांडून बसत. प्रत्येक पुस्तक त्यांनी लाल कापडात पोथीसारखे गुंडाळून, दोरीने बांधून ठेवले होते. भूगोल असो, बीजगणित असो, कापड लाल. कपाटांना एकच किल्ली, आणि ती त्यांच्या जानव्याला बांधलेली. पत्नी वारलेली, मुलगी लग्न होऊन ग्वाल्हेरकडे गेलेली. दुपारचे जेवण एका स्नेह्याच्या घरी होई. तेवढा वेळ सोडला तर त्यांचा दिवस त्या खोलीत जाई. मुलांना ते रागवत नसत. मुलेच त्यांना भिऊन असत, आणि खरे सांगायचे तर आम्हीही.

श्रावणात विद्याखात्याकडून कागद आला. मजकूर थोडक्यात असा, की आपल्या शाळेतील ग्रंथसंग्रहाचा उपयोग फारसा होत नाही असे समजते. तरी शिक्षकांचे अभिप्राय घेऊन ठेवावेत. दिवाळीनंतर इन्स्पेक्टरसाहेब स्वतः पाहणी करतील, आणि उपयोग नाही असे आढळल्यास दोन्ही कपाटे इंग्रजी हायस्कुलाकडे नेली जातील.

हेडमास्तरांनी मला बोलावले.

"तुम्हाला याद्या करायला आवडतात," ते म्हणाले.

"आवडत नाहीत. कराव्या लागतात."

"मग हीही करा. अभिप्राय गोळा करा." कागद माझ्याकडे सरकवून ते खिडकीबाहेर पाहत राहिले. पश्चिमेच्या खोलीतून शास्त्रीबुवांचे पुटपुटणे ऐकू येत होते. "कपाटं गेली तर आपल्याला नवी मिळतील केव्हातरी. पण शास्त्रीबुवा कुठं बसणार?"

"हायस्कुलात?"

"तिथं खुर्च्या-टेबलं आहेत, आणि एक पदवीधर ग्रंथपाल आहे. पाटावर कोण बसू देतोय त्यांना."

तेव्हा कामाचे स्वरूप मला स्पष्ट झाले. कपाटे राहायला हवी होती, कारण शास्त्रीबुवांना बसायला जागा हवी होती.

मी सुबक रकाने आखून कागद फिरवला. नाव, वर्ग, संग्रहाबद्दल अभिप्राय, सूचना. दोन दिवसांनी तो परत आला. गणिताच्या मास्तरांनी लिहिले होते, 'उत्तम'. भूगोल आणि चित्रकला शिकवणाऱ्या मास्तरांनी 'उत्तम आहे'. पहिलीच्या मास्तरांनी 'अत्युत्तम'. तालीममास्तरांनी, म्हणजे मुलांकडून कवायत करून घेणाऱ्या आमच्या जुन्या पलटणीतल्या गृहस्थांनी, नुसती सही केली होती. सूचनांचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता.

दरबारी कागदावर तक्रार लिहायची नाही, हा आमच्याकडचा शिरस्ता. पुस्तके सरदारांनी दिलेली. त्यांना नाव ठेवणे म्हणजे देणाऱ्याला नाव ठेवणे. शिवाय त्यातले दोघे शास्त्रीबुवांचे विद्यार्थी. गुरूच्या कारभाराबद्दल ते लिहिणार काय?

पण हा कागद असाच वर गेला, तर इन्स्पेक्टर एकच प्रश्न विचारणार होते, की संग्रह इतका उत्तम आहे, तर मग कोणी पुस्तक नेत का नाही.

गणेशचतुर्थीला माझा मेहुणा देवासहून आला होता. तोही शिक्षक. त्याला कागद दाखवला, तर तो हसत सुटला.

"भाऊजी, तुम्ही लोक सुखी आहात. तुमच्याकडे निदान विचारतात तरी. आमच्या गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीनं अभिप्राय मागवला की धाकट्या पातीलाही मागवावा लागतो, आणि मग कोणाचा अभिप्राय मोठा यावर निकाल होईतो पुस्तकांना वाळवी लागते."

"म्हणून तुम्ही काय करता?"

"उत्तम लिहितो," तो म्हणाला. "दोन्ही पात्यांत."

त्याचा उपयोग झाला नाही, पण हसून माझे डोके मोकळे झाले. मी ठरवले की कागद बाजूला ठेवायचा आणि माणसाला त्याच्या जागेवर गाठायचे. गणिताचे मास्तर संध्याकाळी तळ्याच्या पाळीवर फिरायला जात. मी त्यांच्याबरोबर निघालो. अर्ध्या पाळीपर्यंत ते पावसाबद्दल बोलले. मग आपोआप वळण आले.

"हे पाहा, कागदावर नको. पण शास्त्रीबुवा अनध्याय पाळतात. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पुनव, अवस. त्या दिवशी अध्ययन करायचं नाही म्हणून कपाट बंद. रविवारी शाळा बंद, म्हणून कपाट बंद. उरलेल्या दिवशी कपाट उघडं, पण तेव्हा मी वर्गावर. मी पुस्तक न्यायचं कधी? ग्रहणात?"

पहिलीचे मास्तर आठवड्याच्या बाजारात भेटले. हातात पालेभाजीची जुडी होती, आणि त्यांना बोलायला कोणीतरी हवेच होते. "मी एकदा माझी पोरं त्या खोलीत नेली. सगळीकडे लाल बासनं. पोरांना वाटलं देवच मांडलेत. ओळीनं नमस्कार केला आणि ओळीनं बाहेर आली. एकानं तर प्रसाद मागितला." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "हे लिहू नका हं. माझी मुंज त्यांनी लावली आहे."

भूगोलाच्या मास्तरांनीही काहीबाही सांगितले. तालीममास्तरांना मात्र मी दोनदा गाठले आणि दोन्ही वेळा हात हलवत आलो. आखाड्याची माती उकरता उकरता ते म्हणाले, "आपल्याला काय, भिया. आपला सीधा हिसाब. दंड, बैठका, लेझीम. पुस्तकाशी आपलं काय काम?" मी ते खरे धरले आणि त्यांच्या नावापुढे 'अपेक्षा नाही' असे टिपून ठेवले.

आता प्रश्न होता हे शास्त्रीबुवांना कसे सांगायचे. मी बरेच बेत केले. शेवटी वाटले, आधी तो पहिला 'उत्तम'वाला कागद त्यांना दाखवावा. मन प्रसन्न झाले की मग एकेक गोष्ट हळूच काढावी. म्हणून एका सकाळी तो कागद मी त्यांच्यासमोरच्या चौरंगावर ठेवला. सोवळ्यात ते कोणाच्या हातातून काही घेत नसत. ठेवायचे आणि मागे सरायचे.

त्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून मुगट्याच्या टोकाला पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. प्रसन्न होण्याचे लक्षण दिसेना.

"मास्तर," ते म्हणाले, "यांचं माझ्याशी काही वाकडं आहे का?"

"छे, छे. उत्तम लिहिलंय सगळ्यांनी."

"तेच म्हणतो मी. ज्याच्याशी माणसाला बोलायचं नसतं, त्याला तो उत्तम म्हणतो आणि वाटेला लागतो." त्यांनी कागद चौरंगावर परत ठेवला. "मी काशीला होतो तेव्हा आमचे गुरुजी सिद्धांत मांडत, आणि मग आमच्याकडे बघत बसत. कोणी आक्षेप घेतला नाही तर त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे. ज्याचा मान ठेवायचा त्याच्यापुढे पूर्वपक्ष मांडायचा, आणि तोही चांगला दणकट. लेचापेचा मांडला तर तो अपमान. आणि इथं तर कोणी मांडलाच नाही."

शास्त्रार्थाच्या वादात विरुद्ध बाजूचा आक्षेप आधी मांडतात. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. मग त्याचे उत्तर, आणि मग निर्णय. हे मला पुस्तकातून माहीत होते. पण आमच्या भिडेने हा म्हातारा दुखावला जाईल हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. आम्ही सगळे त्यांना जपत होतो, आणि त्यांना वाटत होते की आपल्याला वाळीत टाकले आहे.

"आक्षेप आहेत," मी म्हटले.

त्यांनी मान वर केली. "आहेत? कोणाचे?"

"बहुतेक सगळ्यांचे."

"मग इतके दिवस काय करत होता?" ते म्हणाले, आणि पंचांगाची पाने उलटू लागले. "द्वितीयेला सभा. इथंच. ज्याचा आक्षेप त्यानं आपल्या तोंडानं मांडायचा. निरोप्या चालणार नाही, म्हणजे तुम्ही."

द्वितीयेला शाळा सुटल्यावर आम्ही त्या खोलीत जमलो. शास्त्रीबुवा पाटावर, हेडमास्तर आणि मी बाकावर, बाकीचे मुलांसारखे भिंतीला टेकून. तालीममास्तर उंबऱ्याबाहेर व्हरांड्यात उभे होते. त्यांना आत या म्हटले तर म्हणाले, इथं वारं बरं आहे.

सुरुवात करायला कोणी धजेना. शेवटी शास्त्रीबुवाच गणिताच्या मास्तरांना म्हणाले, "तुम्ही. लहानपणी तुम्ही फार प्रश्न विचारायचा. काय झालं मग?"

"संसार झाला," गणिताचे मास्तर म्हणाले, आणि हशा पिकल्यावर त्यांना धीर आला. त्यांनी अनध्यायाचा आक्षेप मांडला, ग्रहणाची गोष्ट वगळून. शास्त्रीबुवा डोळे मिटून ऐकत होते.

"अनध्याय कशाला सांगितला आहे?" त्यांनी विचारले.

"वेदाध्ययनाला."

"बीजगणित वेद आहे?"

"माझ्या मुलांना वाटतो. कळत नाही म्हणून."

"मुलांचं सोडा. बीजगणित वेद नव्हे. म्हणून त्याला अनध्याय नाही. पूर्वपक्ष मान्य. डावं कपाट पोथ्यांचं, त्याला अनध्याय राहील. उजवं रोज उघडेल." डोळे उघडून त्यांनी भोवती पाहिले. "पुढचा."

त्यांचा चेहरा खुलला होता. इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

भूगोलाचे मास्तर उभे राहिले. "नकाशांचं मोठं पुस्तक खोलीबाहेर नेता येत नाही. मी फळ्यावर नर्मदा आठवणीनं काढतो. गेल्या वर्षी ती महेश्वरच्या उत्तरेकडून गेली."

"मग?"

"मग काय, महेश्वरचाच एक मुलगा वर्गात होता. तो म्हणाला, मास्तर, आमचा घाट कोरडा पडला."

हेडमास्तरांनी रुमाल तोंडाला लावला. शास्त्रीबुवा म्हणाले, "पुस्तक बाहेर गेलं की कोणाचे हात लागतील, कुठं ठेवलं जाईल, याचा काही नेम नाही. त्याचं सोवळं..."

"शास्त्रीबुवा," भूगोलाचे मास्तर म्हणाले, "राग मानू नका. त्याची बांधणी कातड्याची आहे."

मला वाटले, संपले सगळे.

"ते मला ठाऊक आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "म्हणून तर लाल कापडात बांधतो." आणि ते स्वतःच हसले, खोकला लागेपर्यंत हसले. "मान्य. न्या वर्गात. नर्मदा जागेवर आणा."

पहिलीच्या मास्तरांनी नमस्काराची हकिगत सांगितली. त्यावर शास्त्रीबुवा जरा घुटमळले. "मुलांनी पुस्तकाला नमस्कार करू नये, असं तुमचं म्हणणं?"

"करावा. पण मग उघडूनही बघावं. आणि उघडलं तर आत त्यांना कळेलसं काही असावं. निम्मी पोरं घरी माळवी बोलतात. त्यांना सोप्या गोष्टी हव्यात, चित्रं हवीत."

"चित्रं," शास्त्रीबुवा म्हणाले, जणू तो शब्द प्रथमच ऐकत होते. थोडा विचार करून त्यांनी सांगितले की लहान मुलांची म्हणून खालची फळी मोकळी करावी, तिथे कापड बांधू नये, आणि नवीन पुस्तकांसाठी विद्याखात्याला लिहावे. लिहायचे काम माझ्याकडे आले, हे सांगायला नकोच.

"आणखी कोणी?"

मी माझ्या टिपणाप्रमाणे सांगणार होतो की झाले, आता बोलणारे कोणी उरले नाही. पण व्हरांड्यातून आवाज आला.

"मी बोलू का?"

तालीममास्तर उंबऱ्यापाशी आले. आखाड्यात मुलांवर ओरडणारा माणूस तो, पण इथे शब्द शोधत होता.

"माझा धाकटा चौथीत आहे. तो रात्री घरी वाचतो, मी ऐकतो. मला वाटलं आपणही एखादं न्यावं, शिवाजीमहाराजांच्या किल्ल्यांचं आहे ते. दोनदा आलो. या सगळ्यांना तुम्ही चौरंगावर ठेवून देता. मला उंबऱ्यावर ठेवलंत. जमिनीवर. जिथं जोडे काढतात तिथं." ते थांबले. "मी उचललं नाही. पुस्तकात महाराजांचं नाव होतं. मग मी सगळ्यांना सांगायला लागलो, की आपल्याला काय करायचंय पुस्तक. बस, एवढंच. वाद मला येत नाही."

कोणी कोणाकडे पाहिले नाही. मी माझ्या कागदावरच्या 'अपेक्षा नाही' या शब्दांकडे पाहत होतो.

या आक्षेपाला शास्त्रीबुवांकडे उत्तर असणार, हे आम्हाला माहीत होते. मुगटा, सोवळे, जात, आचार, सगळ्याला आधार त्यांना तोंडपाठ होते. पण त्यांनी एकही वचन काढले नाही.

"वाद तुम्हाला चांगला येतो," ते शेवटी म्हणाले. "याला आज उत्तर देत नाही. उद्या देतो." मग माझ्याकडे वळले. "तुमचा काही आहे की तुम्ही नुसतेच लिहून घेणार?"

मला वाटले, आता मागे राहणे बरे नव्हे. "किल्ली एकच आहे. ती तुमच्या जानव्याला असते. तुम्हाला पडसं झालं तर शाळेला वाचन नाही. एक दुसरी किल्ली करून हेडमास्तरांकडे ठेवावी."

"अमान्य," शास्त्रीबुवा म्हणाले.

"कारण?"

"कारण सगळेच पूर्वपक्ष मान्य केले तर मी इथं बसलोय कशाला?" आणि सभा संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शास्त्रीबुवा शाळेत आले ते साधे धोतर, उपरणे आणि पगडी अशा वेषात. मुगटा नव्हता. पहिल्यांदा शिपायाने त्यांना ओळखलेच नाही. तो अमझेऱ्याचा, जरा आगाऊ. "कोन हे?" म्हणून त्यांना फाटकातच अडवले. मग लाजून दोन दिवस त्यांच्यासमोर आला नाही. कवायतीचा तास संपल्यावर शास्त्रीबुवांनी तालीममास्तरांना बोलावणे धाडले. मी वर्गातून पाहत होतो. त्यांनी ते किल्ल्यांचे पुस्तक सोडवून घेतले, कापड बाजूला ठेवले, उठून उंबऱ्यापर्यंत गेले आणि पुस्तक तालीममास्तरांच्या हातात दिले. तालीममास्तरांनी हात आधी सदऱ्याला पुसला होता, एवढे मला दिसले. घरी जाऊन शास्त्रीबुवांनी पुन्हा स्नान केले असेल, कदाचित. मी विचारले नाही. पण त्यानंतर ते शाळेत धोतरावरच येत राहिले.

दसरा झाला. सरस्वतीपूजनाला नकाशांचे पुस्तक वेळेवर परत यावे म्हणून मला तीन वर्गांतून फिरावे लागले. हे काम मी आनंदाने केले. दिवाळीची सुट्टी संपली, थंडी पडली आणि शास्त्रीबुवा तापाने पडले. किल्ली अर्थातच त्यांच्याजवळ.

आणि इन्स्पेक्टरसाहेब अमझेऱ्याचा दौरा लवकर आटोपून ठरल्या दिवसाच्या आधीच आले.

"साब अई ग्या!" शिपाई धावत सांगत आला, तेव्हा मी दुसऱ्या तासावर होतो. हेडमास्तरांनी त्यांना सगळे वर्ग दाखवले, हजेरी दाखवली, बाग दाखवली, दाखवण्यासारखे काही उरले नाही. मग पश्चिमेची खोली आली. दोन्ही कपाटांना कुलूप, समोर रिकामा पाट.

"उपयोग होत नाही असं मला सांगितलं होतं," इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. आपले काम करत होते. "किल्ली कोणाकडे असते?"

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मी तालीममास्तरांकडे पाहिले, कारण आमच्यात धावू शकणारे तेच होते. ते एकही प्रश्न न विचारता निघून गेले.

मधल्या वेळात काय करावे? मला एक सुचले. "साहेब, कपाटात पुस्तकं फारशी नाहीतच," मी म्हटले.

त्यांच्या भुवया वर गेल्या. हेडमास्तर पांढरे पडले.

"म्हणजे ती वर्गांत आहेत," मी घाईने म्हटले. मग मी आणि शिपाई वर्गावर्गांतून गेलो आणि जे ज्याच्याकडे होते ते घेऊन यायला सांगितले. भूगोलाचे मास्तर नकाशांचे पुस्तक दोन मुलांच्या खांद्यावर देऊन आले. गणिताच्या मास्तरांनी आपली दोन पुस्तके आणली आणि आणता आणता एकात कागदाची खूण घालून ठेवली, कारण ते मध्येच होते. पहिलीच्या मास्तरांकडचे पुस्तक एका चिमुरड्याने छातीशी धरले होते. ते तो सोडायला तयार होईना. इन्स्पेक्टरसाहेबांनी ते बघायला मागितले, तर म्हणाला, माझं वाचून झालं नाही. नवीन पुस्तकांसाठीचा आमचा अर्ज मी तेवढ्यात त्यांच्यापुढे ठेवला. आलेली संधी वाया घालवू नये.

एवढ्यात तालीममास्तर दारात आले. धापा टाकत होते. मूठ घट्ट मिटलेली. ती त्यांनी उघडली, तर आत किल्ली.

हेडमास्तर हळू आवाजात म्हणाले, "त्यांनी जानव्याची सोडून दिली? कोणामार्फत?"

"कोणामार्फत म्हणजे? अंथरुणात होते. मला जवळ बोलावलं, गाठ सुटेना तर म्हणाले तूच सोड. मी सोडली."

"तुम्ही?"

"हो मग. किल्ली हवी होती ना?"

हेडमास्तरांनी किल्ली घेतली आणि कपाट उघडले. आत उरलेली बासने, तळाची मोकळी फळी आणि मधल्या मोकळ्या जागा, सगळे दिसले. इन्स्पेक्टरसाहेबांनी मोकळ्या जागांवर हात फिरवला. बोटाला धूळ लागली नाही. ते जाता जाता म्हणाले की आज्ञा लेखी येईल, पण कपाटे हलवण्याचे कारण त्यांना दिसत नाही. पाटाकडे पाहून त्यांनी विचारले, "इथं कोण बसतं?"

"शास्त्रीबुवा," आम्ही सगळ्यांनी एकदम सांगितले.

"त्यांना बरं वाटलं की माझा नमस्कार सांगा. आणि त्या बाजूला एक कंदील टांगा. पश्चिमेची खोली, सकाळी अंधार असतो." मी ते टिपून घेतले. तो सहावा पूर्वपक्ष. तोही मान्य झाला.

शास्त्रीबुवा बरे होऊन आले, त्या सकाळी त्यांनी पाट झटकला, कपाटांकडे पाहिले, कंदिलाकडे पाहिले, आणि माझ्यापुढे हात केला.

"किल्ली."

"हेडमास्तरांकडे आहे. आता ती तिथंच राहू द्यावी असा सगळ्यांचा..."

"किल्ली," ते म्हणाले.

मी ती आणून दिली. त्यांनी ती जानव्याला बांधली, दोनदा ओढून पाहिली आणि पाटावर बसले. तीच किल्ली सोडून द्यायला ते तापाने फणफणत गाठीशी झटले होते. पुढच्या वर्षी मी कागद फिरवला तेव्हा आम्ही पाचही जणांनी पहिला आक्षेप किल्लीचाच लिहिला होता, भरपूर विस्ताराने, आणि तालीममास्तरांनी सर्वांत जास्त. शास्त्रीबुवांनी तो कागद मोठ्या समाधानाने अखेरपर्यंत वाचला आणि खाली लिहिले, 'अमान्य.'